विहिरीचा गाळ काढायला यारी करतोय: मोटर किती एचपीची? तिघांची तीन उत्तरं

नमस्कार मंडळी. आम्ही सिन्नर तालुक्यातले. विहिरीत गाळ साचलाय, पाऊस लागायच्या आत उपसायचा आहे. दरवर्षी डिझेल इंजिनवाली यारी (दोराने बादली वर ओढणारं यंत्र) भाड्याने आणतो. औंदा नानांच्या (माझे चुलते) डोक्यात आलंय की घरचीच छोटी यारी करू, थ्री फेज मोटरवर.

मापं अशी: खोली १५ मीटर. बादली रिकामी ६० किलो, गाळ भरून अंदाजे ३००. तळापासून काठापर्यंत ३० सेकंदात यावी. ड्रम २०० मिलीमीटर व्यासाचा, भंगारात मिळाला. मोटर १४४० आरपीएम, मध्ये ३० ला १ चा वर्म गिअरबॉक्स, म्हणजे मोटरच्या ३० फेऱ्यांना ड्रमचा एक फेरा.

आता घोळ ऐका. मी ३०० गुणिले १५ भागिले ३० केलं, आले १५०. म्हणजे १५० वॅट, पाव एचपीसुद्धा नाही. नाना म्हणाले, "घरातला मिक्सर लाव मग." आमच्या मिस्त्रींनी तेच १५० घेतले, ७५ ने भागले आणि म्हणाले २ एचपी. नाशिकच्या अंबडमधल्या एका दुकानात विचारलं तर हिशेब न करताच ५ एचपी सांगितली. त्याला मोठी मोटर खपवायची आहे असं मला वाटलं.

बरोबर कोण? आणि बादलीला कप्पी लावून दोर दुहेरी केला तर निम्म्या एचपीत काम होईल का? बारावीनंतर फिजिक्सशी संबंध तुटलाय, जरा सोपं करून सांगा.

---

सातपूरचा फिटर

दादा, तुमचा आकडा बरोबर आहे, एकक चुकलं. ३०० हे किलो झाले, बल नाही. बादली एकसारख्या वेगाने वर येताना दोराला फक्त तिचं वजन तोलायचं असतं, आणि ते न्यूटनमध्ये ३०० × ९.८ = २९४० भरतं. वेग १५ भागिले ३०, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. २९४० × ०.५ = १४७० वॅट. एक एचपी ७४६ वॅटचा, म्हणून जवळपास २ एचपी.

मिस्त्रींचा ७५ चा भागाकार जुन्या लोकांचा, पण पक्का: ७५ किलो एका सेकंदात एक मीटर उचलले की एक मेट्रिक अश्वशक्ती. ती ७३५.५ वॅटची असते, ७४६ पेक्षा किंचित कमी, पण यारीला तेवढ्याने काही बिघडत नाही.

फक्त हे २ एचपी दोराला लागतात, मोटरला नाही. वर्म गिअर घासत फिरतो, बरीचशी ताकद तेल तापवण्यातच जाते. ३० ला १ ला ६० टक्के कार्यक्षमता धरा. १४७० भागिले ०.६ = २४५० वॅट, म्हणजे ३.३ एचपी. बाजारात ३ च्या पुढे ५ चीच मोटर सहज मिळते. दुकानदाराला उगाच नावं ठेवलीत.

ड्रम आणि गिअर मात्र छान जुळलेत. १४४० भागिले ३० = ४८ फेरे मिनिटाला, एका फेऱ्यात ६३ सेंटीमीटर दोर. अर्धा मीटर सेकंदाला बरोबर येतो.

---

निफाडकर

कप्पीबद्दल. दोरावरचा ताण निम्मा होईल, पण दोर ३० मीटर गुंडाळावा लागेल. तोच ड्रम त्याच गतीने फिरवला तर बादली यायला ३० ऐवजी ६० सेकंद. निम्मी मोटर चालेल ती यामुळे, कप्पीच्या जादूने नाही. वेळ ३० सेकंदच हवी असेल तर एचपी तेवढाच, वर कप्पीचं घर्षण. आमचे आजोबा मोटेचे बैल धावेवरून (विहिरीलगतच्या उतारावरून) उतरवायचे, त्यांना हे न शिकता माहीत होतं: बैल घाईने हाकले की लवकर दमतात.

---

वाइंडिंगवाला

शेतातल्या व्होल्टेजचा विचार केलाय का? व्होल्टेज १० टक्के पडलं तर मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) जवळपास १९ टक्के पडतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्यात बादली गाळात रुतलेली, सुटताना वजनापेक्षा जास्त ओढ लागते. तीनची मोटर घेतलीत तर ती माझ्याकडेच येईल, मला काय!

आणि ब्रेक वेगळा लावाच. वर्म गिअर उलटा फिरत नाही असं सगळे सांगतात, पण झिजल्यावर हादऱ्याने घसरतो. बादली वर येत असताना खाली माणूस उभा राहू देऊ नका, बादलीत बसून तर कोणीच नाही.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. खरं सांगायचं तर मी मनातून ३ वर अडून बसलो होतो. वेळ ४० सेकंद केली तर सुमारे २.५ एचपी लागतात, म्हणजे तीनची पुरली असती. पण ते ३०० किलो अंदाजपंचेच होते. आज डबक्यातला गाळ बादलीत भरून कांद्याच्या काट्यावर ठेवली, पाण्यासकट ३४२ भरली. ४० सेकंद धरूनही २.८ एचपी. व्होल्टेजला जागाच उरत नाही. ३० सेकंदाला ३.७ येतात, तेव्हा ५ च घेतोय.

नाना सकाळीच दुकानात जाऊन आले. भाव करताना त्यांनी हिशेबाचा कागद दाखवला, दुकानदार म्हणाला, "हेच मी सांगत होतो ना काका."

आता ब्रेकचं सांगा. ड्रमवर पट्ट्याचा ब्रेक लावू, की मोटरच्या शाफ्टवरच बसणारा घेऊ?