स्विफ्ट देऊन ९२,००० किमीची ऑक्टाविया आरएस घ्यावी का?

कोथरूडकर: माझी २०१८ ची स्विफ्ट, ३८,००० किमी. समोरच्याकडे २०१७ ची स्कोडा ऑक्टाविया आरएस २३०, वर १३ लाख मागतोय. खंबाटकीच्या चढाला चालवली, तेव्हापासून झोप उडालीय. बायको म्हणते, "चांदणी चौकात २३० घोडे नुसते उभे करणार का?"

घाटवेडा: किमी सोडा, सर्व्हिसची फाइल मागा. त्या डीएसजीचं (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तेल दर ६०,००० किमीला बदलावं लागतं. बिल नसेल तर चहा पिऊन परत या.

जुनाखेळाडू: इंजिन थंड असतानाच बघा. मला विकणाऱ्याने गाडी आधीच गरम करून ठेवली होती. निळा धूर, म्हणजे इंजिन तेल जाळतंय, हे दुसऱ्या दिवशी घरी दिसलं.

कोथरूडकर: तेल बदलल्याचं बिल आहे, ६१,४०० किमीला. पण पुढचे टायर एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या. विचारलं तर गडी पावसावर बोलायला लागला! रविवारी सकाळी ७ ला टॉर्च घेऊन जातोय.