झेड४ नाशकात आली, आता तपासू काय नि लावू काय? (बजेट ६० हजार)

गंगापूररोडकर
राम राम मंडळी. सत्तेचाळिसाव्या वर्षी डोक्यातला किडा एकदाचा बाहेर काढला. बीएमडब्ल्यू झेड४, एम४०आय, ऑटोमॅटिक, काळं, मिटणारं कापडी छत. एमएच १५ ची पाटी लागली, परवा घरी आली. डिलिव्हरीच्या वेळी मी नुसता हसत सह्या करत होतो, गाडीभोवती एक चक्करसुद्धा धड मारली नाही. आता घरच्या घरी काय तपासून घ्यावं? आणि लावायचं काय? आमचं पार्किंग तळघरात आहे. उतारावरून वर येताना पुढचा ओठ (बंपरची खालची कड) घासतो, तो ‘खर्रर्र’ आवाज ऐकला की पोटात कालवतं. बजेट ६० हजार. वर एक रुपया नाही, बायकोला शब्द दिलाय.

थारवाला_सिडको
हाबिणंदन! फोटू कुठाय? बाकी सगळं सोड, आधी फुल बॉडी पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म. मी माझ्या थारला केलं, १ लाख ४० हजार गेले, पण कसाऱ्याला ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली तरी झोप शांत लागते.

निवृत्त_यंत्रकार
अहो, त्यांनी ६० हजार लिहिलंय. असो.
सातपूरला ३४ वर्षं तपासणी विभागात काढली, म्हणून सांगतो. खरी तपासणी रजिस्ट्रेशनच्या आधी करायची असते, ती वेळ गेली. तरी हे बघा. प्रत्येक टायरच्या कडेला चार आकडे असतात, ३१२४ म्हणजे २०२४ चा ३१वा आठवडा. चारही जवळपासचे हवेत. तसंच सगळ्या काचांवरच्या खुणा एकमेकींशी जुळतात का ते पाहा. एकच काच वेगळी असेल तर विचारा का. मग थंड टायरची हवा मोजा. वाहतुकीत बरेचदा हवा जास्त भरलेली असते आणि कमी करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या, मग गाडीच्या मेनूतून टायर प्रेशर रीसेट करा. काही कंपन्या गाडी उसळू नये म्हणून स्प्रिंगमध्ये ठोकळे घालून पाठवतात. ते काढायचे राहिले तर बैलगाडी परवडली. डिस्कवर लालसर गंज दिसला तर घाबरू नका, दोन ब्रेकांत जातो.
पहिले २००० किमी ४५०० आरपीएमच्या वर नेऊ नका. पुस्तकात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही.

पुण्याचा_पाहुणा
एवढी महाग गाडी घेऊन ६० हजाराचं बजेट म्हणजे पैठणी नेसून पायात स्लीपर. (ह. घ्या.)

मुक्ता_इंदिरानगर
पूजा झाली का? झाली नसेल तर बॉनेटवर स्वस्तिक काढू देऊ नका. आमच्या पांढऱ्या गाडीवर सासूबाईंनी तुपात कालवलेल्या कुंकवाने काढलं, वर हळदीची बोटं. दोन दिवस उन्हात उभी होती. पॉलिश करून लाल गेलं, पिवळं मात्र तिरप्या उजेडात आजही दिसतं. काचेवर काढायला सांगा, देवाला चालतं.

गंगापूररोडकर
उशीर झाला हो. नवश्या गणपतीला नेली होती, आईने तिथेच काढलं. बॉनेटवरच. कुंकू, हळद, शिवाय मधोमध एक अक्षता चिकटवलीय.

थारवाला_सिडको
पीपीएफ असतं तर हाच त्रास झाला नसता. आणि टायरमध्ये नायट्रोजन भर. समृद्धीवर १२० ने जाताना साध्या हवेचे टायर फुटतात.

निवृत्त_यंत्रकार
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो हो. टायर फुटतात ते हवा कमी असल्याने, माल जास्त भरल्याने, जुन्या रबरामुळे. इगतपुरीला आत शिरण्याआधी पाच मिनिटं थांबून प्रेशर बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

थारवाला_सिडको
काका, मी चार वर्षं नायट्रोजन भरतोय, एकदाही फुटला नाही.

निवृत्त_यंत्रकार
मी चाळीस वर्षं साधी हवा भरतोय.

दिंडोरीचा_बागाईतदार
तुमचं हवेचं चालू द्या, पण उंदरांचं कोणीच बोलत नाही. माझी मर्सिडीज शेडमध्ये असते. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत सहा आठवडे हात लावला नाही. चावी फिरवली तर बॅटरी मेलेली. बॉनेट उघडलं तर आत कापूस, शेंगांची फोलपटं नि वायरिंग कुरतडलेलं. एवढ्यात एका एकराची औषधं आली असती. गाडी रोज निघणार नसेल तर बॅटरीला लावून ठेवायचा छोटा चार्जर घ्या. झेड४ ची बॅटरी डिकीत असते, पण पुढे जोडायची टोकं दिलेली असतात. आणि तंबाखूची पानं ठेवा. माझे उंदीर ती पण खातात, तुमचे शहरी असतील.

सातपूर_टू_सापुतारा
माझ्याकडे उघड्या छताची मिनी आहे, सहा पावसाळे काढलेत. ही गाडी १० सेकंदांत छत मिटवते, ५० च्या वेगापर्यंत चालत्या गाडीतही. त्यामुळे सगळा नाद सिग्नलवर लोकांना दाखवायचा. पण एक ऐका: छत ओलं असताना मिटवू नका. ओला टॉवेल घडी करून कपाटात ठेवल्यावर जो वास येतो, तोच आत येतो. प्रेशर वॉशरचा फवारा छतापासून लांब. मऊ ब्रश, साधं पाणी, कापडी छताचा शाम्पू. छताच्या कडेला पाणी जायच्या नळ्या असतात, करंजाखाली गाडी लावली की त्यात पानं अडकतात आणि पाणी थेट सीटखाली. गाडी ताब्यात आली की पहिल्यांदा एक बादली पाणी छतावर ओतून आत हात फिरवायचा.

पुण्याचा_पाहुणा
नव्या गाडीवर बादली ओततात हे नाशकात येऊनच कळतं.

नाशिकरोड_नाईट
मी तर म्हणतो काळी फिल्म लाव, उन्हाने कातडी सीट जळतात.

मुक्ता_इंदिरानगर
काळी नको. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, नियम आहे. माझ्या भावाने कागद दाखवून चौकात अर्धा तास वाद घातला, शेवटी फिल्म तिथेच सोलली. अर्धी निघाली, अर्धी नाही.

थारवाला_सिडको
पारदर्शक उष्णतारोधक फिल्म पण मिळते. आणि पीपीएफवाल्याकडेच स्वस्त पडते.

गंगापूररोडकर
माहितीबद्दल आभार, पण उताराचं कोणीच सांगत नाहीये.

निवृत्त_यंत्रकार
तिचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन ते गाडीचं पोट, ११४ मिलिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १०० मिलिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. तसा असेल तर आरामात जाते. आपल्याकडे उशीएवढा रुंद नि पाटाएवढा उंच असतो, तिथे तिरपी काढायची.

गंगापूररोडकर
काका, उताराला दोन्ही बाजूंनी भिंत आहे. तिरपी काढायला गाडी कापावी लागेल.

थारवाला_सिडको
स्प्रिंगखाली स्पेसर टाक, ३० मिमी उचल.

सातपूर_टू_सापुतारा
नको!! वॉरंटी, अलाइनमेंट, गाडीचा तोल, सगळं जाईल. वर बाहेर लाव आणि कव्हर टाक.

दिंडोरीचा_बागाईतदार
धुळीवर कव्हर ओढलं की कव्हरच पॉलिश पेपर होतं. आणि कुंभमेळ्यासाठी सगळीकडे खोदलंय, धूळ किती विचारू नका. माझ्या मुंबई नाक्यावरच्या मेव्हण्याने...

नाशिकरोड_नाईट
विम्यात इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून इंजिन गेलं तर भरपाई) घेतलंय ना? गोदेचा पूर आपण ज्याच्यावरून मोजतो त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की माझा चुलता तळघरातली गाडी आधी वर काढतो, मग चहा. पाणी शिरलेलं असताना चुकूनही स्टार्टर मारू नका.

पुण्याचा_पाहुणा
+१ इंजिन प्रोटेक्टला. कधी नव्हे ते कामाचं बोललात.

सातपूर_टू_सापुतारा
अजून एक, स्टेपनी नाही या गाडीत. टायर दुरुस्तीचं किट, हवेचा छोटा पंप आणि टोइंगचा हुक डिकीत आहे का बघा. चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून लॉक नट असतील तर त्याची चावी पण. ओढून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा.

गंगापूररोडकर
*(तीन आठवड्यांनी)*
मंडळी, अपडेट. काकांचं ऐकून हवा मोजली. चारही टायर ४४ पीएसआय, स्टिकरपेक्षा बरीच जास्त. कमी केली, कंबर वाचली. मला वाटत होतं स्पोर्ट्स कार अशीच दणके देते. बादली ओतली, आत थेंब नाही. लॉक नटची चावी डिकीत नव्हती, शोरूममध्ये कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये सापडली.
पीपीएफ केलं नाही. फिल्म नाही, डॅशकॅम नाही, कव्हर नाही.
सोसायटीची परवानगी काढली आणि गवंडी लावला. उताराच्या माथ्यावरचा उंचवटा फोडला, खालचं टोक पाच फूट पुढे नेऊन सपाट केलं. ४१,५०० रुपये. आठवडाभर पाणी मारलं, मी स्वतः, सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन. गाडी तोवर मित्राच्या बंगल्यात. आता सर्रकन वर येते, आवाज नाही. सेक्रेटरी म्हणतात उतार त्यांनीच सुचवला होता. बॅटरीचा चार्जर ६,८००, हवेचा पंप ३,९००. उरलेले ७,८०० बायकोने परत घेतले.
स्वस्तिक धुतलं. पिवळं राहिलंय. आई म्हणते राहू दे.

मुक्ता_इंदिरानगर
सांगितलं होतं.

निवृत्त_यंत्रकार
उतारावर खाचा पाडल्या का? पावसात गुळगुळीत सिमेंटवर मागची चाकं फिरतील.

गंगापूररोडकर
काका... नाही पाडल्या.

थारवाला_सिडको
बरं मग पीपीएफ कधी?