'बॉरो' आणि 'लेंड'
सातवीतल्या मुलीला इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत सांगावा की इंग्रजीत, असा प्रश्न आहे. मी म्हणेन इंग्रजीतच, पण व्याख्येतले शब्द मूळ शब्दापेक्षा सोपे हवेत. १९७८ साली निघालेल्या लाँगमन या प्रकाशन संस्थेच्या इंग्रजी शब्दकोशात सगळे अर्थ साधारण २००० नेहमीच्या शब्दांत दिले, ते याचसाठी.

कोथरूडला शेजारची मुलं माझ्याकडे शिकायला येतात. बॉरो काय नि लेंड काय, त्यांच्या लेखी दोन्ही 'उसनं', त्यामुळे हमखास गोंधळ. मग एकीची पेन्सिल दुसरीच्या हातात दिली. घेणारीला म्हटलं, 'टेक अँड गिव्ह बॅक' म्हणजे बॉरो. देणारीला, 'गिव्ह अँड गेट बॅक' म्हणजे लेंड. त्यातलं 'बॅक' गाळू नका हं, नाहीतर नुसतं घेणं-देणं उरतं!