रात्रीचा हादरा आणि ४ नंबरचा खांब

शिंदे वहिनी (बी-३०२): हादरा सगळ्यांना जाणवला ना? आता तरी पार्किंगमधल्या ४ नंबरच्या खांबाचं कोणी बघणार का?

पवार: कोयनेचा नेहमीचाच वहिनी. आपलं कऱ्हाड आहे, झोपा.

जोशी काका: धरणाच्या नावाने उगाच बोंब. भूकंप जमिनीतून येतो.

देशमुख सर: काका, येतो जमिनीतूनच. पण १९६२ च्या सुमारास कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, भरू लागला आणि हादरे सुरू झाले. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे मोठा झाला. पाणी दाबाने खोल भेगांत शिरतं, आधीच ताणलेल्या खडकाची पकड सुटते. म्हणून तर याच्या अभ्यासासाठी कोयना भागात गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडलं.

पवार: मग हजारमाचीच्या त्या भूकंप अभ्यासाच्या लॅबला विचारा पुढचा कधी, मी सासुरवाडीला जातो 😄

देशमुख सर: तारीख कोणीच सांगत नसतं.

जोशी काका: आणि किल्लारी?

देशमुख सर: ३० सप्टेंबर १९९३. तो भाग तर सगळ्यात कमी धोक्याचा धरलेला! माणसं गेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या वजनाखाली.

शिंदे वहिनी: ४ नंबरचा खांब.

माने (सेक्रेटरी): वहिनी, पाइपासाठी जराशी खाच आहे. प्लास्टर करून घेऊ.

निकम (सिव्हिल): प्लास्टर अजिबात नको. उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या दोन रिंगा कापल्यात, उभी सळई उघडी पडलीय. खाली भिंती नाहीत, म्हणजे सगळी हालचाल पार्किंगच्या खांबांवर. २००१ च्या भूकंपात भुजपासून दोनशे किमीहून लांब अहमदाबादेत अशाच इमारती खाली बसल्या.

भोसले (बी-१०३): माझी खाच दिसते, सी विंगची गच्चीवरची ५००० लिटरची जादा टाकी नाही दिसत?

निकम: दिसते. भरली की ५ टन, तेही सगळ्यात वर. तीही उतरवा.

देशमुख सर: टाकीला सर्वसाधारण सभेची मंजुरी आहे.

निकम: सर, मंजुरीने वजन कमी होत नाही.

शिंदे वहिनी: खांबाचं बोला.

निकम: आधी तुळईखाली टेकू. मग सैल काँक्रीट फोडून सळईचा गंज घासायचा. जुन्या खांबात अख्खी रिंग ओवता येत नाही, यू आकाराचे दोन तुकडे वेल्ड करायचे. बाहेरून काँक्रीटचं जॅकेट, म्हणजे जादा थर, घ्यायचं तर त्याच्या रिंगांचे हुक १३५ अंशात आत वळवा. ९० चे हुक हादऱ्यात उघडतात. जाडी-सळई स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवेल, मिस्त्री नाही.

माने: रविवारी १० वाजता मीटिंग. सर्वांनी यावे 🙏

शिंदे वहिनी: टेकू पण रविवारीच?

माने: आज संध्याकाळी लावतो.

भोसले: बिल कोणाच्या नावावर ते आधी सांगा.