चित्रांकडून साध्या पत्त्यांकडे

टॅरो, म्हणजे प्रश्न घेऊन आलेल्यासमोर मांडून वाचायचे पत्ते, शिकताना नवशिक्यांनी रायडर-वेट-स्मिथ हा चित्रांचा संचच घ्यावा, मार्सेय या जुन्या साध्या संचाचे पत्ते मुके असतात, असं कुणीकुणी म्हणतं. पहिलं पटतं, दुसरं अजिबात नाही.

१९०९ चा रायडर-वेट-स्मिथ, म्हणजे स्मिथबाईंचा संच, मी अनेक वर्षं वापरला. त्याच्या चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी अंकांच्या चाळीस पत्त्यांनाही दृश्यं दिली आणि ती समोरच्याला लगेच भिडतात. पण तलवारींची तिर्री आली, की काळजात रुतलेली तीन पाती! तिथे दुःखाशिवाय काही सुचतच नाही. पुढेपुढे मला हेच खटकू लागलं. मी काही बोलण्याआधी चित्रच निकाल देऊन टाकतं.

मधे थॉथ हा आणखी एक टॅरो संच वापरून झाला. फ्रीडा हॅरिस यांची चित्रं अप्रतिम, पण तो संच रचणाऱ्या क्रोलीची कबाला (ज्यू गूढविद्या) आणि ज्योतिषाची मांडणी पाठ नसेल तर अर्धा पत्ता हाती लागत नाही. मी त्यात रमले नाही.

आता हातात असतो तो मार्सेय, निकोला कोनव्हेर या फ्रेंच पत्ते बनवणाऱ्याच्या १७६० च्या धाटणीचा. त्यात तीच तिर्री म्हणजे दोन वाकड्या तलवारींमधून गेलेली एक सरळ तलवार. ती अडलेली आहे की वाट काढतेय, हे शेजारचा पत्ता ठरवतो. माणसांचे पत्ते कुठे बघताहेत, तेही बघायचं. हे वाचन सावकाश होतं, पण मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. फार हळवं होऊन कुणी आलं, तर मात्र मी आजही स्मिथबाईंचाच संच काढते.

आणि संच बदलताना एक सांभाळा: मार्सेयमध्ये ‘न्याय’ या पत्त्याचा क्रमांक ८ आणि ‘शक्ती’चा ११, स्मिथबाईंचा संच आखणाऱ्या वेटने ते उलटे केले.