मुंबई–न्यूयॉर्क: अंतर, तास आणि तुमचे अनुभव

सांजवारा
भाचीचं तिकीट आज घरच्या ग्रुपवर आलं. मुंबईहून रात्री एकला निघून न्यूयॉर्कला सकाळी साडेसात. आई खूश, "साडेसहा तासांत पोचते की!" तिला सांगितलं, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे प्रवास १६ तासांचा. त्यावरून माझी पहिली खेप आठवली. पडद्यावर विमान पश्चिमेला जायचं सोडून उत्तरेला चढत होतं. शेजारचे काका म्हणाले, घरी पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघ. बघितला. सर्वांत जवळची वाट सुमारे १२,५०० किलोमीटर, आणि ती थेट आइसलँडजवळून जाते! तुम्हीही लिहा.

टिकटिक
हिवाळ्यात साडेदहा तास मागे हं. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं बदलतात. बाळ उठलं, नंतर येते.

डोंगरवेडा
परतताना तास-दोन तास वाचतात. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोराचा वारा, पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, येताना तो पाठीशी. फेब्रुवारी २०२० मध्ये तर न्यूयॉर्क–लंडन विमान पाच तासांच्या आत पोचलं होतं, एरवी साडेसहा-सात लागतात.

अबोली
१६ नाही हो, दारापासून दारापर्यंत तीसेक तास. बाबा गेले तेव्हा थेट विमानात जागा नव्हती, आखातात बदलून आले. दादाने सगळ्यांना थांबवून धरलं होतं. एवढंच लिहिते.

निळाई
अबोलीताई 🙏 दादा थांबले, तुम्हाला दर्शन झालं, हे फार मोठं.

अबोली
हो गं. त्याचे उपकार विसरणार नाही.

पारिजात
दोरा गोलावर ठीक, पण आकाश मोकळं हवं ना! एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना वाट बंद केली, त्यानंतर आम्ही दिल्लीहून गेलो. आधी खाली गुजरातकडे, मग अरबी समुद्र, आणि इंधनाला युरोपात थांबा. मुलं रडकुंडीला आली होती. दिल्लीकरांना याचा जास्त फटका.

निळाई
माझी आई पुढच्या महिन्यात एकटी जातेय. गुडघे दुखतात, इंग्रजी येत नाही. व्हीलचेअर आयत्या वेळी मिळते का?

टिकटिक
आले. आयत्या वेळेवर अजिबात ठेवू नकोस, तिकिटावरच नोंदव. निदान ४८ तास आधी तरी. सोबतचा माणूस इमिग्रेशनपर्यंत नेतो, म्हणून भाषेचीही काळजी कमी.

डोंगरवेडा
कडेची सीट घ्या. तासा-दोन तासांनी उठून चालायचं, पाणी पीत राहायचं, आतली हवा फार कोरडी असते. पायाला सूज येत असेल तर घट्ट मोज्यांचं डॉक्टरांना विचारा.

निळाई
मराठीत चिठ्ठ्या लिहून देऊ का? एका बाजूला इंग्रजी?

पारिजात
नक्की दे. मुलाचा पत्ता, फोन आणि औषधांची नावं पर्समध्येच, मोठ्या बॅगेत नको.