माहिती आयोगाचे दुसरे अपील टाळून थेट हायकोर्टात जाता येईल का?

प्रश्न : उपनगरवासी

सांगली जिल्ह्यातील एका नगरपरिषदेच्या हद्दीत आमची वसाहत आहे. मंजूर लेआउटमध्ये जी खुली जागा दाखवलेली आहे, तिच्या कडेने नगरपरिषदेने गटार बांधले आणि त्याच सुमारास त्या जागेच्या एका कोपऱ्यात कोणीतरी पत्र्याचे शेड उभे केले. गटाराचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराला अदा केलेली देयके यांच्या प्रती मिळाव्यात म्हणून मी 10 जून रोजी माहिती अधिकारात अर्ज दिला. उत्तर आले नाही, म्हणून 21 जुलै रोजी प्रथम अपील केले. त्याची सुनावणीच लागली नाही. शेड हटवावे असा वेगळा अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे दिलेला आहे, त्यावरही काही हालचाल नाही.

एका परिचितांचे म्हणणे असे की आयोगात दुसरे अपील करून वर्षानुवर्षे थांबण्यापेक्षा हायकोर्टात मँडॅमसची (परमादेशाची, म्हणजे कार्यालयाला त्याचे कर्तव्य पार पाडायला लावणाऱ्या आदेशाची) रिट टाकावी आणि दोन्ही विषय एकाच याचिकेत घ्यावेत. उलट एका वकिलांनी सांगितले की पर्यायी उपाय संपवल्याशिवाय कोर्ट याचिकेला हातही लावणार नाही. यातले कोणते खरे मानावे?

उत्तर : काळा कोट

दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे, कारण आपले दोन अर्ज कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या जातींचे आहेत. अशा वेळी पहिला प्रश्न असा विचारावा, की कार्यालयाच्या मौनाला कायदा काही अर्थ देतो का.

माहितीच्या अर्जाबाबत तो देतो. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 7(2) नुसार 30 दिवसांत निर्णय झाला नाही, तर जन माहिती अधिकाऱ्याने माहिती नाकारली असेच मानले जाते. म्हणजे कागदावर आदेश नसला तरी अपील करण्याजोगा नकार आपल्या हातात आहे. पुढे प्रथम अपिलीय अधिकारीही गप्प राहिला, तर त्याचीही सोय कलम 19(3) मध्ये आहे : दुसऱ्या अपिलाची 90 दिवसांची मुदत निर्णय मिळाल्यापासून किंवा तो ज्या दिवशी व्हायला हवा होता त्या दिवसापासून मोजली जाते. ज्या कायद्याने मौन गृहीत धरूनच पुढची पायरी बांधली आहे, तिथे "मला उत्तर मिळाले नाही, म्हणून मी थेट आलो" हे कारण उच्च न्यायालयात सहसा टिकत नाही.

पर्यायी उपायाचा नियम न्यायालयाच्या अधिकारावरचे बंधन नाही, तो न्यायालयाने स्वतःच्या विवेकाने पाळायचा नियम आहे. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मोहम्मद नूह या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे 1957 मध्येच स्पष्ट केले होते. पुढे 1998 च्या व्हर्लपूल निकालात त्याचे अपवादही एकत्र सांगितले गेले : मूलभूत हक्कांची अंमलबजावणी, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारक्षेत्राबाहेरची कार्यवाही, किंवा कायद्याच्या वैधतेलाच आव्हान. मोजमाप पुस्तिकेची प्रत न मिळणे यांपैकी कशातही ओढूनताणूनच बसवावे लागेल.

मुदतीकडे मात्र आजच लक्ष द्यावे. प्रथम अपिलाचा निर्णय 30 दिवसांत व्हायला हवा, आणि लेखी कारणे नोंदवली तरच तो 45 दिवसांपर्यंत लांबवता येतो. आपल्याला तसे काही कळवलेले नसल्यामुळे निर्णयाची तारीख 20 ऑगस्ट धरावी, म्हणजे दुसऱ्या अपिलाचा सुरक्षित शेवटचा दिवस 18 नोव्हेंबर येतो. 45 दिवस धरून 3 डिसेंबरपर्यंत थांबणे हा विनाकारण ओढवून घेतलेला वाद ठरेल.

उत्तर : पारदर्शी

दुसऱ्या अपिलाच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा कलम 18 खाली आयोगाकडे तक्रार करावी असे मी सुचवेन. दंडाचा धाक बसला की कागद आपोआप बाहेर येतात असा आमच्या गटाचा अनुभव आहे.

उत्तर : काळा कोट

धाक बसतो हे मान्य आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. मणिपूर राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2011 मध्ये कलम 18 आणि कलम 19 यांची फारकत करून सांगितले आहे, की कलम 18 खालील तक्रारीत आयोगाला दंडाचा विचार करता येतो, मात्र माहिती देण्याचा आदेश करता येत नाही. तो अपिलातच होऊ शकतो. केवळ तक्रार करून 90 दिवस घालवणारे अर्जदार मी पाहिलेले आहेत, त्यांच्या हाती शेवटी ना कागद लागतो ना अपील उरते. शिवाय अपिलातही दंड मागता येतोच : दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000. हा दंड फक्त जन माहिती अधिकाऱ्याला होतो. सुनावणीच न घेणाऱ्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला कलम 20 हात लावत नाही, आणि माझ्या मते या कायद्यातली ही सर्वांत मोठी फट आहे.

आता शेडचा अर्ज. इथे परिस्थिती बरोबर उलटी आहे. मुख्याधिकाऱ्यांच्या मौनाला कोणताही कायदा नकार मानत नाही, त्यामुळे अपील कशाविरुद्ध करायचे हाच प्रश्न उरतो. नगरपरिषदांच्या 1965 च्या अधिनियमात जिल्हाधिकाऱ्यांना देखरेखीचे अधिकार आहेत, परंतु देखरेख म्हणजे नागरिकाचे अपील नव्हे. म्हणून या विषयात परमादेशाची याचिका योग्य ठरू शकते, पण तिचीही एक पूर्वअट आहे : आधी मागणी, मग नकार. सरस्वती इंडस्ट्रियल सिंडिकेटच्या 1974 च्या निकालात हा नियम आलेला आहे. कोणत्या कायद्याखाली कोणते कर्तव्य पार पाडावे हे स्पष्ट सांगणारी नोटीस द्यावी, वाजवी मुदत द्यावी, आणि ती उलटल्यावर जावे. सांगलीसाठी आता मुंबईला जावे लागत नाही, कारण ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे.

दोन्ही विषय एका याचिकेत घेऊ नयेत. माहितीच्या भागावर पर्यायी उपायाची हरकत आली, की शेडचा चांगला भागही तिच्यासोबत रखडतो.

उत्तर : निवृत्त अव्वल कारकून

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी टेबलाच्या आतल्या बाजूचे सांगतो. नागरिक एकच अर्ज "स्मरणपत्र क्रमांक अमुक" असे लिहून पुन्हा पुन्हा देत राहतात आणि आपण उपाय संपवत आहोत असे समजतात. कार्यालयात ते सगळे कागद एकाच धारिकेत एकावर एक लागतात, त्याने ना कोणाची जबाबदारी वाढते ना मुदत थांबते. त्यापेक्षा एकच नीट पत्र द्यावे. त्यात गट क्रमांक, मंजूर लेआउटचा आदेश क्रमांक आणि दिनांक, शेडचे मोजमाप आणि छायाचित्र असावे, आणि पोचप्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. शिक्का आहे पण क्रमांक नाही अशी पोच घेऊन घरी जाऊ नये. पुढे ते पत्र आवक नोंदवहीत सापडत नाही.

जिल्हास्तरीय लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तिथे शेडचा विषय मांडता येईल. तो कायद्याने दिलेला उपाय नाही, त्यामुळे तो "संपवला" नाही म्हणून याचिका अडत नाही. पण तिथून नगरपरिषदेला जाणारे पत्र हा मागणी पोहोचल्याचा उत्तम पुरावा असतो.

दुसऱ्या अपिलाला जोडपत्र "क" आणि 20 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागते. सांगलीची अपिले आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातात.

प्रश्नकर्ता : उपनगरवासी

दोघांचेही मनापासून आभार. दुसरे अपील याच आठवड्यात पाठवतो. एक शंका उरते. प्रथम अपिलाला निदान मुदत तरी आहे, परंतु आयोगाने दुसरे अपील किती दिवसांत निकाली काढावे हे मला कायद्यात कुठेच दिसले नाही. तिथेही मौनच वाट्याला आले तर पुढे काय?

उत्तर : काळा कोट

आपण नेमके वाचले आहे. तशी मुदत अधिनियमात नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2010 मध्ये प्रथम अपिलाच्या धर्तीवर 45 दिवसांची मर्यादा वाजवी मानली होती, पण तो निकाल महाराष्ट्रातील आयोगावर बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2019 मध्ये आयोगांतील रिक्त पदे वेळेत भरण्याचे निर्देश दिले होते, कारण साचलेल्या अपिलांचे एक मूळ तिथेच आहे.

या टप्प्यावर मात्र परमादेशाची मागणी रास्त होते. ती नगरपरिषदेने माहिती द्यावी अशी नसावी. आयोगाने अपील ठराविक मुदतीत निकाली काढावे अशी असावी. न्यायालय निर्णय घ्यायला लावते, कोणता निर्णय घ्यावा हे सहसा सांगत नाही. आणि इतर अपीलकर्ते रांगेत असताना आपल्यालाच पुढे का घ्यावे, हा प्रश्न न्यायमूर्ती विचारणारच. त्याचे ठोस उत्तर याचिकेत हवे. गटाराच्या कामाचा दोष दायित्व कालावधी संपत आला असेल, तर तो गेल्यावर ठेकेदाराकडून स्वखर्चाने दुरुस्ती करून घेता येणार नाही आणि मग कागद मिळूनही उपयोग उरणार नाही, असे उत्तर चालते. आधी लवकर सुनावणीचा अर्ज आयोगाकडेच द्यावा. तोही मागणीचा भाग आहे.

उत्तर : निवृत्त अव्वल कारकून

दोष दायित्वाचा तो कालावधी कार्यारंभ आदेशात किंवा निविदेच्या शर्तींत लिहिलेला असतो. सामान्य प्रशासन विभागाने नोव्हेंबर 2018 मध्ये काढलेल्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांतही दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. बांधकाम विभागात जाऊन ती धारिका मागावी, तारीख टिपून घ्यावी, आणि दाखवायला नकार दिला तर ते त्याच दिवशी लेखी कळवून त्याची पोच अपिलाला जोडावी.